दार बंद, पण पॅनेल म्हणतं उघडं: वायरलेस डोअर सेन्सरचं दुखणं कसं शोधायचं

घरातल्या अलार्मवरचा विश्वास उडायला दोन रात्री पुरतात. मध्यरात्री सायरन बोंबलतो, सगळं घर उठतं, शेजारचे दिवे लागतात आणि बघावं तर दार घट्ट बंद. आठवड्याने पुन्हा तेच. मग घरातलं कोणीतरी वैतागून तो सेन्सर ॲपमधून बंद करून टाकतं आणि त्या दिवसापासून त्या दाराला राखण उरत नाही. याच्या उलटा प्रकार आणखी वाईट. दार उघडलं, पण पॅनेल (सेन्सरचे निरोप ऐकून सायरन वाजवणारा डबा) गप्प. खोटा अलार्म निदान ओरडून सांगतो की काहीतरी बिघडलंय. मुका झालेला सेन्सर काहीच सांगत नाही आणि आपण निर्धास्त झोपतो.

अशा वेळी बहुतेक जण आधी सेल बदलतात, मग सेन्सर बदलतात, शेवटी अख्खी सिस्टीम बदलायच्या गोष्टी सुरू होतात. यातले बरेच सेन्सर मुळात धडधाकट असतात, म्हणून हा खर्च बघून वाईट वाटतं. दारापासून पॅनेलपर्यंत निरोप पोचायचा तर तीन गोष्टी घडाव्या लागतात. दार हललं हे सेन्सरला कळलं पाहिजे, निरोप हवेत सोडण्याइतका जोर सेलमध्ये पाहिजे, आणि तो निरोप वाटेत न हरवता पोचला पाहिजे. यातलं नेमकं काय घडत नाहीये हे कळेपर्यंत खिशात हात घालू नये.

ते कळायला पहिली युक्ती अगदी फुकट आहे: अदलाबदल. समजा मुख्य दाराचा सेन्सर त्रास देतोय आणि बाल्कनीचा नीट चालतोय. दोन्हीकडचे दारावरचे छोटे चुंबक जागेवर राहू द्या, फक्त चौकटीवरचे सेन्सरचे मोठे तुकडे एकमेकांच्या जागी लावा आणि काही दिवस बघा. (मॉडेल एकच हवं, आणि ॲपमधली नावं तेवढ्यापुरती बदलून ठेवा, नाहीतर गोंधळ होतो.) त्रास बाल्कनीत गेला तर दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या सेलमध्ये. त्रास मुख्य दारापाशीच राहिला तर सेन्सर निर्दोष आहे, दोष जागेत आहे. या एका प्रयोगाने निम्मी शोधाशोध संपते.

दुसरी युक्ती म्हणजे वेळ टिपून ठेवणं. बहुतेक ॲपमध्ये घडामोडींची यादी असते, ती नुसती वाचली तरी खूप कळतं. एकच सेन्सर बिनसतोय की सगळे एकदम गप्प होतात? सगळे एकदम गप्प होत असतील तर एकेका दारापाशी वेळ घालवू नका, हबकडे (ॲपवाल्या सिस्टीममध्ये पॅनेलसारखा निरोप घेणारा डबा) किंवा हवेतल्या अडथळ्याकडे बघा. फक्त पावसाळ्यात होतं? लाकूड आणि ओल. वीज जाऊन आल्यावर होतं? राऊटर किंवा मधला रिपीटर, म्हणजे निरोप पुढे ढकलणारं यंत्र. रोज संध्याकाळी सातनंतर? त्या वेळी घरात काय चालू होतं ते शोधा. स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हरसुद्धा (आतली वीज पुरवणारी सर्किटं) रेडिओचा कचरा ओकतात.

चुंबक आणि काचेची नळी

डोअर सेन्सरचे दोन तुकडे असतात. लहान तुकड्यात नुसता चुंबक. मोठ्यात सेल, रेडिओ आणि रीड स्विच. हा रीड स्विच म्हणजे काचेची बारीकशी नळी, तिच्यात लोखंड-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या, टोकं एकमेकांवर आलेली पण केसाएवढं अंतर राखून. चुंबक जवळ आला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, दूर गेला की सुटतात. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये वॉल्टर एलवूड यांनी ही रचना शोधली आणि आजही बहुतेक सेन्सरच्या आत तीच आहे. नळी हवाबंद असल्यामुळे आतले कॉन्टॅक्ट गंजत नाहीत. वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू आहे ही, पण काचेची आहे. सेन्सर फरशीवर पडला असेल तर बाहेरून ओरखडाही न दिसता आतली नळी तडकू शकते.

चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने घटतो. घरगुती सेन्सरमध्ये दोन तुकड्यांमधली फट साधारण १० ते २० मिलिमीटरच्या आत असावी लागते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा माहितीपत्रकात असतो. लोक ही मर्यादा गाठून सेन्सर लावतात, त्या दिवशी तो चालतोही, आणि मग पहिला पावसाळा येतो.

आपल्याकडचं लाकडी दार पावसाळ्यात फुगतं हे काही सांगायला नको. चौकटीत घासायला लागतं, पूर्ण बसत नाही, जोर लावून ओढून घ्यावं लागतं. जूनमध्ये कडी लावल्यावरही दार दोन-चार मिलिमीटर बाहेर राहतं. वरून बिजागरीचे स्क्रू वर्षभरात ढिले झालेले असतील तर कुलुपाच्या बाजूने दार खाली झुकतं. चुंबक नेमका त्याच बाजूला, वरच्या कोपऱ्यात असतो. दोन्ही मिळून फट मर्यादेबाहेर जाते आणि वाऱ्याची झुळूक आली की पट्ट्या सुटतात, चिकटतात, पुन्हा सुटतात. पॅनेलला वाटतं कोणीतरी दार उघडतंय.

हे तपासायला दार बंद करून कडी लावा आणि तळहाताने दार आत-बाहेर ढकला. बहुतेक सेन्सरवर लहान दिवा असतो, अवस्था बदलली की तो लुकलुकतो. कडी लावलेल्या दारावर तो लुकलुकला तर रोग सापडला. रीड स्विचची एक गंमतही इथे लक्षात येते: चुंबक ज्या अंतरावर आल्यावर पट्ट्या चिकटतात, त्याहून थोडा लांब गेल्यावर त्या सुटतात. म्हणजे मर्यादेवर लावलेला सेन्सर दार हळू लोटलं तर ‘उघडं’ दाखवतो आणि धाडकन आपटलं तर ‘बंद’. घरात ‘जरा जोरात लाव दार’ असं बोललं जात असेल तर सेल बदलण्यात अर्थ नाही. बिजागऱ्या कसा, सुताराकडून रंधा मारून घ्या, नाहीतर चुंबकाखाली प्लास्टिकची पट्टी घालून तो जवळ आणा.

डबल टेप हा दुसरा गुन्हेगार. डिस्टेंपरवर किंवा पोपडे धरलेल्या ऑइलपेंटवर लावलेला टेप दमट हवेत हळूहळू सरकतो. दारावरचा चुंबक जरा बारकाईने पाहा. त्याच्या वरच्या कडेला चिकट, धूळ धरलेली काळपट रेघ दिसली तर तो मुळात तिथे होता आणि आता खाली घसरलाय. टेप काढा, जागा स्पिरिटने पुसा, आणि लाकडी दार असेल तर सरळ दोन बारीक स्क्रू मारा. पाठीमागे छेडछाडीचं बटण असलेल्या सेन्सरमध्ये टेप सुटला की वेगळाच अलार्म येतो. कोणीतरी सेन्सर उचकटतंय असं पॅनेलला वाटतं, आणि आपण मात्र दार तपासत बसतो. पॅनेलवरचा मजकूर नीट वाचला तर हे लगेच कळतं.

फ्लॅटच्या लोखंडी सेफ्टी डोअरवर सेन्सर लावणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. लोखंड चुंबकाचा जोर आपल्याकडे ओढून घेतं, त्यामुळे २० मिलिमीटरवर चालणारी जोडी लोखंडावर १० वरही अडखळू शकते. शिवाय अँटेनाच्या पाठीशी धातू आला की रेडिओही कमजोर होतो. असा दुहेरी मार बसतो. चुंबक दारावर लावायचाच तर त्याच्याखाली सेंटिमीटरभर लाकडाची किंवा प्लास्टिकची ठोकळी द्या आणि सेन्सर लाकडी चौकटीवर ठेवा. याहून चांगला उपाय म्हणजे बाहेरून वायर जोडायची सोय असलेला सेन्सर. त्यात दारावर धातूसाठीचा जाडजूड वायरवाला कॉन्टॅक्ट बसतो आणि रेडिओचा तुकडा फूटभर लांब, भिंतीवर राहतो. दुकानाच्या शटरला तर मी दुसरं काही सुचवणारच नाही.

आणि एक जपून करायची गोष्ट. फट मोठी आहे म्हणून बाजारातून ताकदवान निओडिमियम चुंबक आणून लावला की खोटे अलार्म थांबतात खरे, पण कधी कधी दार चार बोटं उघडलं तरी सेन्सर ‘बंद’च सांगतो. चुंबक बदलल्यावर दार आतून हात जाईल इतकंच उघडून बघा. तेवढ्यात निरोप गेलाच पाहिजे.

सेल: मीटर खरं सांगतो, पण अर्धवट

सेन्सर दिवसभर जवळजवळ झोपलेला असतो. त्या वेळी तो नगण्य करंट घेतो. दार उघडताक्षणी मात्र रेडिओ जागा होतो आणि काही मिलिसेकंदांसाठी करंट हजारोपट वाढतो. खरी परीक्षा त्या क्षणी असते. सेल म्हातारा झाला की त्याचा आतला रोध वाढतो. मग भार न लावता मोजला तर मल्टीमीटरवर २.९ व्होल्ट, आणि रेडिओने ओढ दिली की व्होल्टेज कोसळून चिप बंद. दिवा लुकलुकतो, निरोप जात नाही. ‘सेल तर ठीक आहे, मोजला मी’ हे वाक्य इथूनच येतं.

सेल खरा तपासायचा तर त्याच्यावर भार टाकून. सीआर २०३२ सारख्या गोळी सेलला १०० ओहमचा रेझिस्टर एक-दोन सेकंद लावा आणि त्याच वेळी व्होल्टेज बघा. मग नवाकोरा सेल घेऊन तेच करा. दोघांच्या घसरणीत ठळक फरक दिसला तर जुना सेल गेला. ॲपमधल्या टक्क्यांवर विसंबू नका. लिथियम सेल जवळजवळ शेवटपर्यंत व्होल्टेज टिकवतो आणि मग एकदम खाली येतो, त्यामुळे महिनोन्‌महिने १०० टक्के दिसून सेन्सर अचानक मरू शकतो.

सेलच्या जातीप्रमाणे लक्षणंही बदलतात. सीआर २०३२ ची साठवण सुमारे २२० मिलिॲम्पिअर-अवर असते, कॅमेऱ्याच्या जाड सीआर १२३ए ची सुमारे १,५००. स्वस्त किटमध्ये १२ व्होल्टचा छोटा २३ए येतो, त्याच्या आत आठ बारीक बटण सेल एकावर एक रचलेले असतात आणि क्षमता अगदीच बेताची असते. हा अल्कलाइन असल्यामुळे त्याचा जोर हळूहळू उतरतो. आधी लांबच्या दाराचा निरोप अधूनमधून चुकतो, मग जास्त चुकतो. अशा किटमध्ये ‘रेंज कमी झाली’ अशी तक्रार असली की मी आधी सेल बघेन.

सेल घेताना सुटा, बिनतारखेचा घेऊ नका. नकली माल भरपूर आहे. काही कंपन्यांच्या गोळी सेलवर मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू थर असतो. तो चांगल्यासाठीच आहे, पण काही उपकरणांत त्या थरामुळे कॉन्टॅक्ट नीट होत नाही. नवा सेल घालूनही सेन्सर मेलेलाच असेल तर दुसऱ्या बनावटीचा लावून बघा. आणि काढलेला जुना सेल टेबलावर ठेवून उठू नका. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, आणि आपल्या दृष्टीने ‘संपलेल्या’ सेलमध्येही तेवढा जोर उरलेला असतो.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगत राहत असाल तर झाकण उघडून स्प्रिंगकडे बघा. खाऱ्या हवेने तिच्यावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं चढतात. सेल काढून खोडरबराने घासा, स्पिरिटने पुसा, कोरडं होऊ द्या. सेन्सरच्या खोक्यात मुंग्यांनी घर केलेलंही दिसेल, तेही त्याच वेळी साफ करा.

हवेतली वाट

चुंबक ठीक, सेल ठीक, दिवाही लुकलुकतो, तरी पॅनेलला पत्ता नाही. आता रेडिओ.

आपल्याकडच्या स्वस्त किटमध्ये बहुधा ४३३ मेगाहर्ट्झ असतो, झिगबी (स्मार्ट उपकरणांची आपसात बोलायची रेडिओ पद्धत) आणि वायफाय सेन्सर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टाही विनापरवाना वापरासाठी खुला आहे. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांकडून सेन्सर मागवणाऱ्यांनी हे आवर्जून वाचावं. तिकडचे अलार्म सेन्सर ३४५ किंवा ३१९.५ मेगाहर्ट्झवर असतात, तिकडचा झेडवेव्ह (झिगबीसारखीच आणखी एक पद्धत) ९०८.४२ वर. ही शेवटची जागा आपल्याकडे मोबाइल फोनच्या पट्ट्यात येते. इथल्या हबशी तो सेन्सर जुळणार नाही, आणि अमेरिकेतला हबही सोबत आणला तर आपण मोबाइलच्या हद्दीत विनापरवाना घुसतो.

भिंतींचं म्हणाल तर विटेची भिंत चालते, आरसीसीची त्रास देते, कारण तिच्यात सळ्यांची जाळी असते. लिफ्टचा खड्डा, गोदरेजचं कपाट, फ्रीज, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, मोठा आरसा, हे सगळे लहरी अडवतात किंवा परतवतात. परतलेल्या लहरी सरळ येणाऱ्या लहरींत मिसळून कुठे जोर वाढतो, कुठे पार मावळतो. म्हणूनच कधी कधी सेन्सर किंवा हब एखादी वीत सरकवला की सगळं सुरळीत होतं. यात जादू नाही: ४३३ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६९ सेंटिमीटर लांब असते, तिची चतुर्थांश लांबी १७ सेंटिमीटर. मावळत्या जागेतून बाहेर पडायला तेवढं सरकणं पुष्कळदा पुरतं. २.४ गिगाहर्ट्झला तर पूर्ण लहरच साडेबारा सेंटिमीटरची.

त्यामुळे सेन्सर बदलण्याआधी हब हलवा. टीव्ही युनिटच्या आत, राऊटरला खेटून, इन्व्हर्टरच्या वर, एमसीबीच्या डब्याशेजारी ही हबची नेहमीची ठिकाणं, आणि सगळी वाईट. घराच्या मध्याकडे, उघड्यावर, छातीच्या उंचीला, राऊटरपासून निदान मीटरभर लांब ठेवा. हब म्हणून संगणकात खोचायचा झिगबी डोंगल वापरत असाल तर तो यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये थेट लावू नका. त्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. मीटरभर एक्स्टेंशन वायर लावली की बरेच ‘हरवलेले’ सेन्सर परत येतात.

झिगबीमध्ये चॅनेलचा घोळ वेगळा. वायफायचे नेहमीचे चॅनेल १, ६ आणि ११. झिगबीचे ११ ते २६, पण आकड्यांचा एकमेकांशी संबंध नाही. झिगबीचा ११ नेमका वायफायच्या १ च्या खाली दबतो. झिगबी २५ वर ठेवला तर तो वायफायच्या ११ च्याही पलीकडे, तुलनेने मोकळ्या जागेत येतो. चॅनेल बदलल्यावर काही सेन्सर पुन्हा जोडावे लागतात, तेवढा रविवारचा वेळ हाताशी ठेवा.

झिगबीतलं सर्वात जास्त छळणारं दुखणं मात्र भिंतीवरच्या बटणात असतं. सेलवर चालणारे सेन्सर एकमेकांचे निरोप पुढे पोचवत नाहीत. ते काम विजेवर चालणारे प्लग आणि बल्ब करतात. बेडरूमच्या खिडकीचा सेन्सर हबशी थेट न बोलता पॅसेजमधल्या स्मार्ट बल्बमार्फत बोलतोय असं समजा. झोपताना आजी सवयीने पॅसेजचं बटण बंद करते. बल्बची वीज गेली, मधला दुवा गेला, आणि काही सेन्सर इतके हट्टी असतात की दुसरा दुवा शोधायला तासन्‌तास घेतात. सकाळी बटण लागतं, सगळं ठीक होतं, आणि घरातले म्हणतात, ‘रात्रीच का बिघडतं कोण जाणे.’ उपाय आजीला रागावणं हा नाही. निरोप पोचवायचं काम कायम चालू राहणाऱ्या स्मार्ट प्लगला द्या आणि सेन्सर त्याच्या जवळ, आपल्या कायमच्या जागी असताना पुन्हा जोडा.

वायफाय सेन्सरला दर वेळी झोपेतून उठून राऊटरशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते, म्हणून निरोप काही सेकंद उशिरा येतो. राऊटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ एकाच नावाखाली ठेवले असतील तर काही सेन्सर जोडताना गोंधळतात. दोन्हींची नावं वेगळी करा.

ज्याला उत्तर ऐकू येत नाही तो सेन्सर

४३३ मेगाहर्ट्झच्या स्वस्त सेन्सरबद्दल एक गोष्ट घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. त्यातले बरेच फक्त बोलतात, ऐकत नाहीत. दार उघडलं की २४ बिटांचा छोटा निरोप पाठवतात: २० बिटांची कायमची ओळख आणि ४ बिटांची माहिती. तोच निरोप पुन्हा पुन्हा म्हणतात आणि झोपतात. पोचला की नाही, हे त्यांना कळत नाही. त्याच क्षणी शेजाऱ्याच्या गेटचा रिमोट किंवा एखादी वायरलेस बेल वाजली तर दोन माणसं एकदम बोलल्यासारखं होतं आणि पॅनेलला दोन्ही कळत नाहीत. काही मॉडेल तर फक्त ‘उघडलं’ एवढंच पाठवतात, ‘बंद झालं’ पाठवतच नाहीत. मग ॲपमध्ये दार कायम उघडं दिसतं आणि लोक चुंबक बदलत बसतात.

सर्वात गंभीर म्हणजे असा सेन्सर सेल संपून मेला तर पॅनेलला ते कळायला मार्गच नाही. शांत बंद दार आणि मेलेला सेन्सर त्याला सारखेच. चांगल्या सिस्टीममध्ये सेन्सर ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असं कळवतो आणि बराच काळ हजेरी लागली नाही तर पॅनेल तक्रार करतं. नवीन घेताना मी किंमत, दिसणं, ॲप हे सगळं नंतर विचारीन. आधी दोन प्रश्न: सेन्सर नियमित हजेरी देतो का, आणि निरोप पोचल्याची पोचपावती त्याला मिळते का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती वस्तू दुकानाच्या बेलसाठी ठीक आहे, घराच्या राखणीसाठी नाही.

असं किट आधीच घरात असेल तर ते फेकायला नको, पण हजेरी आपण घ्यायची. महिन्यातून एकदा प्रत्येक दार आणि खिडकी उघडून पॅनेलवर नोंद येते का ते बघा. सेलवर मार्करने तारीख लिहा आणि तो संपायची वाट न पाहता बदला.

मुंबई-पुण्यात राहून गावचं घर बंद ठेवणाऱ्यांनी निघण्याआधी ही तपासणी मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर करावी. घरच्या वायफायवर ॲप चाललं म्हणजे बाहेरगावी निरोप पोचेलच असं नाही. त्यानंतर मेन स्विच एकदा खाली पाडा आणि तसंच दार उघडा. हब आणि राऊटर दोन्ही बॅकअपवर असतील तर सूचना येईल. एकट्या हबला बॅकअप असेल तर येणार नाही, कारण वीज गेली की राऊटरही गेला. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवून घ्या, लावा, आणि मेन स्विच पुन्हा एकदा पाडून बघा.